पाठ ओली, पोट कोरडं

बीड जिल्ह्यात शास्त्रीय पद्धतीनं काम करणारा एकच गुप्तहेर आहे आणि तो मी आहे. ही बढाई नाही, मोजणी आहे. जिल्ह्यात तालुके अकरा. त्यांतल्या नऊ तालुक्यांत मी चौकशी केली, कोणी सापडला नाही. उरलेल्या दोन तालुक्यांत एखादा असेलही. पण त्यानंही अजून मला शोधून काढलेलं नाही, म्हणजे तो काही फार पोचलेला नसावा.

माझं नाव गहिनीनाथ. बी.एस्सी., रसायनशास्त्र. उंची एकशे अडुसष्ट सेंटिमीटर, चपलेसह एकशे सत्तर. समोरच्या माणसाच्या शर्टाचं नुसतं बटण पाहून मी तो कुठल्या गावचा ते सांगतो. गाव चुकतं, पण जिल्हा सहसा बरोबर येतो.

पोटासाठी मी नेकनूरपासून सहा पूर्णांक चार किलोमीटरवरच्या आमच्या वाडीत भैरोबा सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर दूध तपासतो. दुधात लॅक्टोमीटर सोडला की पाणी घालणाऱ्याचा चेहरा उतरतो. केंद्रातला वजनकाटा एका बाजूला कलत होता, तोही मी जानेवारीत समपातळीत आणला. तेव्हापासून तो पाच ग्रॅमचीही चूक करत नाही. अशी माझी नजर.

पण त्या वर्षीच्या दुष्काळानं माझा धंदा बसवला. दुधात पाणी घालणं एकदम बंद झालं. वाडीला तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा. तेवढ्या धावपळीनं भरलेली घागर दुधात कोण ओतणार? लोक दूधच पाण्यासारखं पितील की काय अशी परिस्थिती. आकडे इतके शुद्ध येऊ लागले की मला कंटाळा आला. गुन्हाच नाही तर गुप्तहेर काय करणार?

अशा वेळी मोहनरावांनी मला बोलावलं. मोहनराव म्हणजे संस्थेचे चेअरमन. केंद्रासमोरच्या बाकावर ते बसले की दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही.

"गहिनी, ह्या कुत्र्याचं काय करायचं?"

बाकाखाली कुत्रा झोपला होता. त्याचं नाव फौजदार. रंग मातीचा. एक कान ताठ, दुसरा पंचेचाळीस अंशांत. मूळचा तो आसारामचा. आसाराम आणि त्याची बायको भिवराबाई दरवर्षी ऊस तोडायला कोल्हापूरकडे बैलगाडी घेऊन जात, कुत्र्यासह. या वर्षी कडबा नाही म्हणून बैल चारा छावणीत ठेवले आणि नवरा-बायको मुकादमाच्या ट्रकमधून गेले. ट्रकमध्ये कुत्र्याला जागा मिळाली नाही. आसारामची आई साखराबाई गाय आणि बैल घेऊन छावणीत राहायला गेली, तर छावणीवाल्यांनी कुत्रा आत घेतला नाही. घराला कुलूप, दारात रिकामी गाडी. तेव्हा साखराबाईनं कुत्रा संस्थेला राखणीसाठी आणून दिला.

"राखणीचं ह्याला काय बी येत न्हाई," मोहनराव म्हणाले. "दोन कॅनांची झाकणं गेली जानेवारीत. तवा हे कॅनाला टेकून झोपलं होतं."

"होतं. पण नंतर ते तीन फूट पलीकडे सापडलं," मी आठवण करून दिली. "म्हणजे चोरानं कुत्र्याला उचललं, बाजूला ठेवलं आणि झाकणं नेली. चोर दणकट आणि प्राणिप्रेमी आहे."

"चोराचं कौतुक नंतर कर. कुत्र्याचं बोल. शनवारी मीटिंग हाय. आमचे मेव्हणे, आप्पाराव, तेलगावहून यायलेत. त्यांना कापसाच्या गोदामावर बांधाया कुत्रं पायजे. साखळी बी घेतलीया त्यांनी. तू शिकलेला हाईस. एक पान अहवाल दे, कुत्रं ठिवावं का द्यावं."

"किती गुणांचा?"

"काय किती गुणांचा?"

"अहवाल."

"आरं कुत्रं हाय ते, बारावीचा पेपर न्हाई."

तेवढ्यात साखराबाई छावणीतून दूध घेऊन आली. रोजचं तिचं दोन लिटर. साठीची बाई, पण चाल अशी की रस्ताच बाजूला होतो. तिनं सगळं ऐकलं होतं.

"साखळीत मरंल त्यो," ती म्हणाली. "जल्मात साखळी बघितली न्हाई त्यानं. आन म्या आसारामला शब्द दिलाय, तू येईस्तोर कुत्रं हितंच दिसंल तुला. पाडव्याला पोरगं येईल आन पहिलं काय इचारील? आई कशी हाईस म्हनून न्हाई इचारायचा. फौजदार कुठं हाय म्हनंल."

"मग ह्याला काम कराया सांगा, मावशी," मोहनराव म्हणाले.

"गहिनी, तुला म्या सांगते. त्यो कुत्रा गाडी—"

"मावशी," मी हात वर केला, "आधी पुरावा, मग साक्ष. आणि नमुना हलवू नका, फेस येतो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लॅक्टोमीटर माझ्याच तोंडात आहे असं मला वाटलं.

सोमवारी मी निरीक्षणाला बसलो. सोबत माझा सहायक ख्वाजा. ख्वाजाचं केंद्राशेजारी मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. सगळे बोअर आटल्यामुळे मोटारी चालत नव्हत्या, न चालणाऱ्या मोटारी जळत नव्हत्या, आणि त्यामुळे ख्वाजा पूर्णवेळ गुप्तहेरखात्यात उपलब्ध होता.

पावणेअकराला फौजदार उठला, अंग ताणलं, आणि फाट्याच्या दिशेनं निघून गेला. साडेबाराला परत आला. आणि ओला होता.

मी पुन्हा लिहितो. फेब्रुवारी महिना, आठ विहिरी कोरड्या, ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतायत आणि कुत्रा ओला.

"काय बे हे," ख्वाजा म्हणाला. "माझी आंघोळ होऊन सहा दिवस झालेत."

"दिसतंय," मी म्हणालो आणि टॉवेल घेतला. फौजदाराला पुसलं, टॉवेल मापात पिळला. एकशे ऐंशी मिलिलिटर. मोहनराव बाकावरून ओरडले, "आरं ते दुधाचं माप हाय!"

"नंतर उकळत्या पाण्यानं धुणार आहे."

"पाणी हाय कुठं?"

"तोच तर तपास चालू आहे."

तीन गोष्टी मी वहीत नोंदल्या. एक, कुत्र्याची पाठ ओली, पोट कोरडं. दोन, पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा हलका वास. तीन, पाठीवर बोटभर लांब काळा, तेलकट पट्टा.

"हे ग्रीस हाय," ख्वाजा पट्टा बोटावर घेऊन म्हणाला. "गाडीच्या जॉइंटचं."

"ख्वाजा, तुला सगळीकडे ग्रीस दिसतं."

"कारण सगळीकडं आसतंय."

मी समजुतीनं हसलो. मेकॅनिकला पदार्थ दिसतो, शास्त्रज्ञाला त्यामागचं तत्त्व दिसतं.

"मग आपण त्याच्या मागं जाऊ की," ख्वाजा म्हणाला. "उद्या पावणेअकराला निघाला की त्याच्या मागं निघायचं. झालं."

"पाठलाग हे पोलिसांचं काम. शास्त्रात निष्कर्ष बसल्या जागी काढतात."

पहिला निष्कर्ष मी सोमवारीच काढला. मोहनरावांनी गावापासून लपवून घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी भरून ठेवली आहे आणि कुत्रा तिथं जातो. मंगळवारी मी 'सहज' त्यांच्या गच्चीवर चढलो. टाकी होती. टाकीत चेअरमनांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची भांडी होती. मी खाली उतरेपर्यंत मोहनरावांच्या सौभाग्यवती शिडीपाशी उभ्या होत्या. त्या काय बोलल्या ते तपासाशी संबंधित नसल्यामुळे मी नोंदलेलं नाही.

दुसरा निष्कर्ष: कपिलधार. तिथं देवस्थान आहे आणि धबधबा आहे. धबधब्याखाली उभं राहिलं की पाठ आधी भिजते. जाऊन-येऊन वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटं. त्यावरून मी कुत्र्याचा वेग काढला आणि तो शक्यतेच्या कोटीत बसला. बुधवारी ख्वाजाच्या मोटारसायकलवरून आम्ही कपिलधारला गेलो. कड्यावरून फक्त माकडं उतरत होती. धबधब्याच्या जागी एक काळसर रेघ होती. तिला बोट लावलं, कोरडी निघाली.

"इथवर आलोच हाये तर दर्शन घेऊन घे," ख्वाजा म्हणाला. "तुला गरज हाय."

येताना पेट्रोल संपलं. दोन किलोमीटर गाडी ढकलताना मला तिसरा निष्कर्ष सुचला, आणि तो इतका भव्य होता की मी रस्त्यातच थांबलो. गाडी एकटा ख्वाजाच ढकलत राहिला.

"ख्वाजा! पाण्याला वास कशाचा होता?"

"टीसीएलचा. टँकरमंदी टाकत्यात ती पावडर."

"चूक. क्लोराइडचा. क्षारयुक्त झरा! आणि काळा पट्टा? खनिज तेल! आपल्या वाडीखाली एक तळं आहे. वर पाणी, त्यावर तेलाचा तवंग. कुत्रा एका भुयारातून तिथं जातो."

"आन पोट कोरडं कावून?"

मी तयारच होतो. "तो पाठीवर पोहतो."

ख्वाजानं गाडी स्टँडवर लावली. मग म्हणाला, "गहिनी, तू बी.एस्सी. झालास, तवा पेपर कोणी तपासलते?"

ही गोष्ट गुप्त ठेवायची असं ठरलं. ख्वाजानं ती फक्त त्याच्या आईला, हजराबीला सांगितली. गुरुवारी सकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येक माणसाच्या एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात रिकामी घागर होती. कोणी काही विचारत नव्हतं. सगळे फक्त कुत्र्याकडे पाहत होते.

रांगेत साखराबाईही होती. "आरं गहिनी, ऐक तरी. ह्यो काय तळ्याबिळ्यात जात न्हाई. ह्याला सवय हाय गाडीखाल—"

"साक्षीदारांनी आपसांत चर्चा करू नये, मावशी."

"म्या एकलीच हाय."

"तरीही."

पावणेअकराला फौजदार उठला. मागोमाग वाडी उठली. पुढं कुत्रा, त्याच्या मागं वही घेऊन मी, माझ्या मागं ख्वाजा, आणि मग साधारण साठ माणसं, त्र्याऐंशी घागरी, दोन कुदळी आणि एक नारळ. मोहनरावही होते. 'संस्थेचं कुत्रं हाय, तळं निघालं तर संस्थेचं,' असं ते सगळ्यांना सांगत चालले होते.

कुत्र्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि थांबला. सगळे थांबले. त्यानं कान खाजवला. सगळ्यांनी वाट पाहिली. पुढं एका दगडापाशी त्यानं पाय वर केला, तर मागून कोणी तरी म्हणालं, "खूण करा रं, खूण करा!" दोघांनी लगेच तिथं चुना टाकला. आमच्याकडे बोअर घ्यायचा तर आधी पाणाड्या बोलावतात. तो हातावर नारळ ठेवून रान फिरतो आणि जिथं नारळ उभा राहील तिथं चुन्याची खूण करतात. फौजदारानं नारळाशिवाय काम केलं एवढाच फरक.

एक पूर्णांक दोन किलोमीटरवर फाटा आला. फाट्यावर चहाचं हॉटेल, त्यासमोर लिंबाचं झाड, झाडाखाली टँकर उभा. टँकर रोज याच वेळेला इथं थांबायचा. ड्रायव्हर जमील चहा प्यायचा आणि मग ज्या गावाची पाळी असेल त्या गावाला जायचा.

फौजदार टँकरच्या दिशेनं गेला आणि दिसेनासा झाला.

मी शांतपणे परिस्थितीचं विश्लेषण केलं. टँकरच्या अलीकडे कुत्रा होता. पलीकडे जाऊन पाहिलं तर नव्हता. मध्ये फक्त टँकर होता, आणि टँकरचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

"हीच जागा!" मी टँकरच्या मागच्या वावरात पाय आपटून म्हणालो. "कुत्रा भूगर्भात शिरला आहे. भुयाराचं तोंड इथंच, पाच मीटरच्या आत. खणा!"

नारळ फुटला. कुदळी चालल्या. दीड फुटावर एक जुनी चप्पल निघाली. मी तिचं वय काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे काय, हितं बसलाय."

साखराबाई टँकरपाशी उकिडवी बसली होती आणि खाली पाहत होती.

साठ माणसं वाकली. टँकरच्या मागच्या चाकांच्या मधोमध, जमीलनं टाकलेल्या जाड पोत्यावर, फौजदार डोळे मिटून बसला होता. वरच्या व्हॉल्व्हमधून त्याच्या पाठीवर पाणी ठिबकत होतं. मी मोजलं, मिनिटाला बेचाळीस थेंब. पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास. शेजारी जॉइंट, जॉइंटला ग्रीस.

"ग्रीस," ख्वाजा म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही. त्याचा हा मोठेपणा मी आजही मानतो.

जमील चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि एवढी गर्दी पाहून घाबरला. "काय झालं? कोण गेलं का?"

"हे कुत्रं हितं कवापासून बसायलंय?" मोहनरावांनी विचारलं.

"झाले की दोन महिने. मला वाटलं तुमच्या संस्थेनं ड्युटी लावली. लई चांगला गडी हाय साहेब! आधी मी चहाला गेलो की लोक हळूच नळ सोडून बादल्या भरायचे. आता कोणाची टँकरला हात लावायची हिंमत न्हाई."

हे विधान तपासून पाहणं आवश्यक होतं. मी व्हॉल्व्हला हात लावला. फौजदार उठला कधी ते मला दिसलं नाही. माझ्या पँटचा खालचा सात सेंटिमीटर भाग पुरावा म्हणून त्याच्याकडे जमा झाला.

"आन हेच कुत्रं केंद्रात मेल्यावानी झोपतंय?" मोहनराव म्हणाले. "झाकणं गेली तवा ह्याचे दात कुठं गेलते?"

साखराबाई उभी राहिली. पदर खोचला. आता तिला कोणी अडवलं नाही, कारण अडवणारा पँट धरून उभा होता.

"किती दिस सांगायलेय म्या! त्यो गाडीचा कुत्रा हाय. आमी कारखान्याला जातो तवा संसार सगळा गाडीत. भांडी गाडीत, पीठ गाडीत. रस्त्यानं त्यो गाडीखालनं चालायचा, सावलीला. आसाराम आन भिवरा फडात गेली की गाडीखाली बसून राखण करायचा. चाकांच्या मधी जे हाय ते आपलं, येवढंच त्याला ठावं. घर राखाया कोणी शिकवलंच न्हाई त्याला. कोण शिकवनार? घरी ऱ्हातंय कोण?"

लोकांनी घागरी या हातातून त्या हातात घेतल्या.

"म्हंजी कुत्रं कामाचं हाय," मोहनराव हळू आवाजात म्हणाले, "पर आपल्या कामाचं न्हाई. टँकर काय संस्थेचा न्हाई, आन संस्थेला काय चाकं न्हाईत. शनवारी आप्पाराव न्हेतील."

साखराबाईनं तिची रिकामी किटली उचलली आणि छावणीच्या रस्त्यानं निघून गेली. जाताना तिनं कुत्र्याकडे पाहिलं नाही.

ख्वाजानं जमीलचा व्हॉल्व्ह तिथंच आवळून दिला. दोन महिन्यांतलं त्याचं ते पहिलं काम. ठिबकणं थांबलं तसं फौजदारानं डोळे उघडून वर पाहिलं, आणि मग ख्वाजाकडे पाहिलं.

"सॉरी यार," ख्वाजा त्याला म्हणाला.

शुक्रवारी मी अहवाल दिला. एक पान, दोन आकृत्या. शेवटी लिहिलं होतं: 'कुत्रा उत्तम. जागा अयोग्य. शिफारस: संस्थेला चाकं बसवावीत.' मोहनरावांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि त्यानं वारा घेत बसले.

शनिवारी अकराला आप्पाराव जीप घेऊन आले. केंद्रासमोर जीप लावून खाली उतरले. हातात साखळी, नवी कोरी, चकचकीत. फौजदार बाकाखालून उठला, जीपला एक फेरी मारली, खाली शिरला आणि दोन्ही चाकांच्या मध्ये बसला.

"बघा, आपण होऊनच आला," आप्पाराव खूश होऊन म्हणाले. "लई समजदार हाय."

मीटिंग दहा मिनिटांत संपली. साखराबाई दाराशी उभी होती. कुत्रा तेलगावला द्यावा, सूचक मोहनराव. अनुमोदक म्हणून मी हात वर करावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी वर केला नाही. शास्त्रीय कारण काही नव्हतं. नुसता वर गेला नाही. दुसऱ्यानं केला आणि ठराव पास झाला. मी दाराकडे पाहिलं तर साखराबाई तिथं नव्हती.

आप्पाराव साखळी घेऊन जीपकडे गेले. जीपखालून गुरगुरण्याचा आवाज आला. आप्पाराव थांबले. पलीकडच्या दारानं गेले. गुरगुरणं तिकडून आलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मोहनराव, हे मला माझ्याच जीपपाशी येऊ देईना!"

"राखण लई चांगली हाय म्हनून तर द्यायलो तुमाला."

"पर जीप माझी हाय ना!"

"ते त्याला कुठं ठावं?"

आम्ही सगळे उपाय केले. भाकरी दाखवली. ख्वाजानं 'फौजदार साहेब' म्हणून हाक मारली. मी जीपच्या सायलेन्सरशी एक कर्कश आवाज काढायचा प्रयोग केला. त्यानं एक शेळी पळाली. आप्पारावांना तेलगावला जायचं होतं आणि जीप सुटली नाही तर नेकनूरहून एसटी साडेबाराची होती. ते सारखे घड्याळाकडे पाहू लागले.

तेवढ्यात साखराबाई परत आली.

"गहिनी, ख्वाजा, चला रं माझ्यासंगं."

"कुठं, मावशी?"

"माझ्या घराकडं. आसारामची गाडी दारात रिकामी उभी हाय, ती आनायची हितं. बैल छावणीत हायेत. तुमी दोघं रिकामेच हाय."

बैलगाडीचं जू माणसाच्या खांद्यासाठी बनवलेलं नाही हे मी आता प्रयोगानं सिद्ध करू शकतो. डाव्या अंगाला ख्वाजा, उजव्या अंगाला मी. मागून साखराबाई "हां... हां... सरळ चल!" म्हणत होती. ती कोणाला म्हणत होती ते विचारायची सोय नव्हती. वाटेत ख्वाजा म्हणाला, "गहिनी, तू बी.एस्सी. झालास ते बरं झालं. अडाणी माणसाला हे जमलं नसतं."

चाकांचा खडखडाट केंद्रापर्यंत पोचला आणि जीपखालून एक कान वर आला. मग दुसरा कानही ताठ झाला, पूर्ण नव्वद अंशांत. हे मी त्याच्या बाबतीत प्रथमच पाहिलं. फौजदार बाहेर आला, धावत आमच्यापर्यंत आला, आम्हा दोन बैलांकडे क्षणभर शंकेनं पाहिलं, आणि गाडीखाली शिरून चाकांच्या मधोमध आमच्या बरोबरीनं चालू लागला. डोकं वर, शेपूट ताठ. कोल्हापूरपर्यंत जायचं असतं तरी तो तसाच चालला असता.

गाडी आम्ही केंद्राच्या उंबऱ्याशी लावली. साखराबाईनं दुधानं भरलेला एक कॅन उचलून गाडीत ठेवला.

"आता झाकण न्ह्या म्हनावं कुणाची छाती हाय तर."

मोहनरावांनी खात्री करायला कॅनकडे हात नेला आणि नेला त्याच्या दुप्पट वेगानं मागं घेतला. मागं वळून पाहतात तर आप्पाराव जीपमध्ये बसून गाडी सुरूही करत होते.

"अहो पाव्हणं, कुत्रं?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" आप्पारावांचा आवाज धुळीतून आला. साखळी मात्र बाकावरच राहिली. ख्वाजानं ती दुकानात मोटारी टांगायला नेली.

ठराव दुरुस्त झाला. कुत्र्याला दुसरीकडे द्यायची गरज उरली नाही. केंद्रच कुत्र्याच्या घरी आलं होतं. दुधाचे कॅन रोज गाडीत राहू लागले. एक अडचण झाली: साखराबाईशिवाय कोणालाच फौजदार कॅनला हात लावू देईना, त्यामुळे संकलनाच्या दोन्ही वेळांना तिला हजर राहावं लागायचं. मोहनरावांनी तिला रीतसर कामावर घेतलं. पदाचं नाव काय ठेवावं यावर बरीच चर्चा झाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रक फाट्यावर थांबला. आसाराम आणि भिवराबाई डोक्यावर बोचकी घेऊन चालत वाडीत आले. दोघंही वाळून काळी झाली होती. आसारामनं आधी स्वतःची गाडी पाहिली, मग गाडीतले कॅन पाहिले, आणि मग आईला विचारलं, "फौजदार कुठं हाय?"

"बग," साखराबाई मला म्हणाली, "आई कशी हाईस न्हाई म्हनला."

फौजदार गाडीखालून सुटला. आसारामच्या अंगावर पुढचे दोन पाय टाकून तो नुसता थरथरत होता. शेपूट इतकी हलत होती की मला वारंवारता मोजता आली नाही. मग एकाएकी त्यानं मागं वळून कॅनांकडे पाहिलं, गाडीकडे धावला आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. ड्युटी संपायला पंचवीस मिनिटं होती.

मग आसारामच बोचकं टाकून गाडीखाली शिरला. कुत्र्याशेजारी जमिनीवर आडवा झाला. भिवराबाई चाकाला पाठ लावून बसली. "चार महिने ट्रॅक्टरखाली झोपलो," आसाराम छताकडे, म्हणजे गाडीच्या तळाकडे पाहत म्हणाला. "आपली गाडी ती आपली गाडी."

"आता न्हेनार का गाडी?" मोहनरावांनी काळजीनं विचारलं.

"बैल छावणीतनं येईस्तोर ऱ्हाऊ द्या साहेब. हितं बरं हाय." मग तो कुशीवर वळला आणि केंद्राच्या उघड्या दारातून आत पाहू लागला. जमिनीला गाल लावून. तिथून आजवर कोणीच आत पाहिलं नव्हतं, कुत्रा सोडून.

"गहिनीनाथ," तो म्हणाला, "त्या वजनकाट्याच्या मागच्या पायांखाली कॅनाची दोन झाकणं कावून ठिवलीत?"

मोहनराव माझ्याकडे वळले. ख्वाजा वळला. साखराबाई आधीच वळलेली होती.

जानेवारी. काटा कलत होता. तो समपातळीत आणायला मला एकसारख्या जाडीच्या दोन वस्तू हव्या होत्या. जवळ कॅन होते. कॅनाला टेकून एक कुत्रा झोपला होता, तो मी उचलून तीन फूट बाजूला ठेवला होता.

मी वही उघडली. तपास पूर्ण करणं हे माझं कर्तव्य होतं. 'झाकणं सापडली,' मी लिहिलं. 'चोर दणकट नाही. कुत्रा त्याला ओळखत होता, म्हणून भुंकला नाही.'